वसू, बाहेर ये

वसू, तुझ्या हॉलची किल्ली माझ्या पर्समध्ये पडून आहे आणि मी काही आत जाऊन नाही राहिले. तुझं तेरावं झालं, तुझ्या भावाने इंदूरला परत जाताना ती माझ्या हातात ठेवली. "कुंदाताई, आता तुम्हीच बघा त्या खोलीचं," म्हणाला. मी "हो" म्हटलं. तेव्हापासून रोज कॉलेजातून निघते, स्कूटी राइट टाउनकडे वळवते, त्या दातांच्या दवाखान्यासमोर उभी करते, वर तुझ्या खिडकीकडे बघते आणि घरी जाते. काल तर दवाखान्यातल्या कंपाउंडरने विचारलंच, "मैडम, दाँत दिखाना है क्या?" काय सांगू त्याला? की दात ठीक आहेत रे बाबा, मला वरच्या मजल्याची भीती वाटते?

हस, हस. भित्री भागूबाई म्हण. तुझी सवय आहे ती.

तिथे भूतबीत नाही, हे मलाही कळतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कुंदे, भूत असतं तर आपण त्याचाही व्हिडिओ केला असता." मला भीती आहे ती त्या पांढऱ्या भिंतीची, जिच्यावर तू परत दिसणार आहेस. प्रोजेक्टरचा दिवा आला. ज्याच्यासाठी तू नागपूरच्या त्या दुकानदाराला फोनवर इतकं झापलं होतंस, तोच. तू गेलीस त्याच आठवड्यात कुरियरवाल्याने आणून दिला. म्हणजे आता अडायला काही उरलं नाही. दिवा आहे, किल्ली आहे, पूर्वाकडे तुझ्या व्हिडिओचा पेन ड्राइव्ह आहे, रविवारी कॉलेजच्या लायब्ररीत प्रदर्शन आहे. आणि आपण दोघींनी शेजारी बसून पाहिल्याशिवाय कोणताही व्हिडिओ लोकांसमोर जायचा नाही, हा नियम आहे. तुझाच नियम. आता दोघी कुठून आणू मी?

तू पहिल्यांदा आमच्या चित्रकला विभागात आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. मी मुलींना मडक्याची सावली शिकवत होते. तू दारातूनच हिंदीत म्हणालीस, "मुझे आपकी छात्राएँ चाहिए, वीडियो बनाने के लिए." पोरींचा व्हिडिओ! यांचे आईबाप मला सोडतील का? मी ततपप करायला लागले, आणि तू दारावरची माझ्या नावाची पाटी वाचून म्हणालीस, "अहो, तुम्ही मराठी? मग एवढं घाबरता कशाला?" जसं काही मराठी माणसांना भीती वाटतच नाही!

कॉलेजकडे मुली होत्या, जुन्या लायब्ररीचा लांबरुंद हॉल होता आणि गोल शिक्के होते. तुझ्या संस्थेकडे एक कॅमेरा, एक प्रोजेक्टर आणि तू. संस्था म्हणजे तूच, हे मला करारावर सही करून झाल्यावर कळलं. मला तोवर व्हिडिओ म्हणजे लग्नाचा, एवढंच ठाऊक. तू समजावलंस की यात गोष्ट नसते, हीरो नसतो, भिंतीवर एक चित्र असतं आणि ते हलतं. "तू सावली शिकवतेस ना? ही पण सावलीच. फक्त हिच्यासमोर थोडं थांबावं लागतं," म्हणालीस. तोवर 'अहो'चं 'अगं' झालं होतं.

पहिल्या प्रदर्शनाला खालच्या दवाखान्यातलं दात कोरायचं मशीन मधूनमधून घूंऽऽ करत होतं. पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते आणि जाताना तुला म्हणाले की ध्वनीचा वापर फार अस्वस्थ करणारा आहे. तू गंभीर चेहऱ्याने त्यांना धन्यवाद दिलेस. मी मागे तोंडात पदर घेऊन उभी. त्यानंतर कितीतरी दिवस आपण एकमेकींना नुसतं "घूं" म्हटलं तरी हसू फुटायचं.

आणि मग तो हातांचा व्हिडिओ. मुलींनी गावभर फिरून हात टिपले होते. चहावाल्याचे, न्हाव्याचे, फुलवालीचे. कुणा पोरीने आमच्या प्राचार्यांचेही टिपले, मीटिंग चालू असताना. मला वाटलं तू शेवटचं बघितलं असशील, तुला वाटलं मी बघितलं असेन. वार्षिक समारंभात, अख्ख्या कॉलेजसमोर, भिंतीएवढ्या आकारात प्राचार्य सरांचं बोट कानात गेलं, फिरलं, बाहेर आलं, आणि सरांनी ते निरखून पाहिलं. आणि व्हिडिओ संपतच नव्हता! तो लूपवर होता. परत कान, परत बोट. मी प्रोजेक्टरकडे धावले तर वायरीत पाय अडकून पडले. मुली हसून हसून बेजार. सर पुढच्या रांगेत, पुतळ्यासारखे.

नोकरी जाणार असं धरूनच मी रात्र काढली. सकाळी तू माझ्याआधी सरांच्या केबिनमध्ये जाऊन बसली होतीस. काय बोललीस ते कधी सांगितलं नाहीस. पण त्याच दुपारी हॉलमध्ये भिंतीसमोर दोन खुर्च्या मांडल्यास. "ही कॉलेजची, ही संस्थेची. दोघींनी बसायचं. तोंड उघडायचं नाही. एक फेरा पूर्ण, मग दुसरा फेरा पूर्ण, आणि मगच भांडायचं." दुसरा फेरा कशाला, मी विचारलं. तर म्हणे पहिल्या फेऱ्यात माणूस पुढे काय होणार म्हणून बघतो, दुसऱ्यात खरं बघतो. तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओ आपण तसाच पाहिला. तुझी खुर्ची खिडकीकडची, माझी दाराकडची, कारण आग लागली तर मला आधी पळायचं होतं.

माझ्या भीतीची तू थट्टा केलीस, पण तिला कामालाही लावलंस. वायरींना चिकटपट्टी कोण लावणार? कुंदा, कारण ती एकदा पडली आहे. मुलींच्या घरी फोन कोण करणार? कुंदा, कारण तिला आईबापांची भीती वाटते म्हणजे त्यांना काय वाटतं तेही तिलाच कळतं. पाहुण्यांना सांगायचीस, "ही घाबरते म्हणून आमची संस्था जिवंत आहे." मला आधी राग यायचा. नंतर वाट बघायला लागले, आज म्हणते की नाही त्याची. आयुष्यात दुसऱ्या कुणी माझ्या घाबरटपणाचं कौतुक केलं नाही गं.

आणि बोलणं. दिवसभर मी हिंदीत शिकवते, हिंदीत भाजी घेते, हिंदीत रागावते. घरी माझ्या पोरांना मराठी कळतं सगळं, पण उत्तर हिंदीतच येतं. तुझं घराणं मराठ्यांच्या काळात चाकरीला इकडे आलेलं, तुझं बोलणं कसं नीटनेटकं. माझे वडील अमरावतीकडून रेल्वेत लागले म्हणून आले. तू 'का' म्हणायचीस, मी 'काहून' म्हणायची, आणि तू हात कमरेवर ठेवून माझी नक्कल करायचीस, "काहून ओरडून राहिली वं कुंदे?" तोंडभर मराठी बोलायला मला एक तूच होतीस. आता हे लिहून राहिली ते थोडं त्याच्यासाठीसुद्धा आहे.

पण मी मुद्द्यावर यायचं टाळते आहे. तू हे लगेच ओळखलं असतंस.

पूर्वा म्हणजे आपली अधारतालची, माझी जुनी विद्यार्थिनी, वर्ध्याकडची माणसं, पण पोरगी मराठीचा शब्द बोलायला लाजते. ती डिसेंबरात तुझ्याकडे आली होती, कॉलेज संपूनही. तिच्या डोक्यात एक चित्र होतं. एक बाई घाटाच्या पायऱ्या उतरते, घरचा जिना उतरावा तशी, आणि पाणी आलं तरी थांबत नाही. उतरत राहते. पाणी वरून मिटतं. बस. मग परत पहिल्यापासून. मी म्हटलं, हे असलं काही नाही करायचं, नर्मदेत असले खेळ कोणी करतं का, आणि कोणत्या मुलीच्या घरचे परवानगी देतील? तू चष्मा डोक्यावर सरकवलास. "मुलगी कशाला? मी जाते. चलो."

मी तुला काय काय नाही म्हटलं! वयाची आठवण करून दिली, बी.पी.च्या गोळीचा विषय काढला, थंडीचं सांगितलं. तू म्हणालीस, वडिलांनी तुला याच पाण्यात पोहायला शिकवलंय आणि मी हवं तर काठावर बसून नारळ फोडावा. मी नारळ नाही फोडला. एक नावाडी आणून उभा केला, त्याला दोरी आणायला लावली, दोन टॉवेल, एक घोंगडी, थर्मासात आलं घातलेला चहा. तुझ्या निळ्या सुती साडीला आतून पिना मीच लावल्या. तुला गुदगुल्या होत होत्या आणि माझे हात गार पडले होते.

ग्वारीघाटावर त्या सकाळी ते थंडीतले पांढरे पक्षी पाण्यावर पसरले होते, ज्यांना लोक शेव टाकतात. पूर्वा कॅमेऱ्यामागे. तू डावीकडून आलीस, निऱ्या जरा उचलून धरलेल्या. पायऱ्या उतरलीस. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. तुझ्या पाठीत जराही बदल झाला नाही, मी बघत होते. मग खांदे. मग अंबाडा. मग काही नाही.

पाणी सपाट झालं. मी वाट बघितली. पूर्वाने बोट वर करून मला गप्प राहायची खूण केली. आणखी थांबले. नावाड्याकडे बघितलं तर तो बिडी पेटवून राहिला होता. आणि मग जे बाहेर पडलं तो माझाच आवाज होता का, मला अजून शंका आहे. "वसूऽऽ! बाहेर ये! बाहेर ये म्हणते ना!" सगळे पक्षी एकदम उडाले.

तू पार पलीकडे, नावेच्या मागून वर आलीस. केस तोंडावर, आणि हसत होतीस. "काय गं, अख्खा घाट गोळा केलास!" मी तुला टॉवेलने पुसत होते की मारत होते, कोण जाणे.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. तू पूर्वाला घेऊन व्हिडिओ कापलास तो नेमका माझ्या हाकेनंतर. हाक येते, पक्षी उडतात, आणि कट. परत तू डावीकडून, कोरड्या साडीत. तू वर येतेस, हसतेस, ते सगळं काढून टाकलंस. मी म्हटलं, एक तर माझी हाक काढ, नाहीतर शेवटी तुझं बाहेर येणं दाखव. लोकांना शेवट लागतो. बाई बुडाली की वाचली, हे कळायला नको? तू चौकातल्या टपरीवर चहाचा ग्लास फिरवत म्हणालीस, "हाक काढली तर उरतं काय? एक म्हातारी आंघोळ करते, एवढंच. आणि पक्षी? पक्षी काहून उडाले वं, सांग?" मी म्हटलं, मला माझाच आवाज ऐकवत नाही, वसू, तो घाबरलेल्या म्हशीसारखा आहे. तू म्हणालीस, "त्या अख्ख्या व्हिडिओत खरं तेवढंच आहे." आणि मग, "दोन फेरे बघ. मग भांड." पण प्रोजेक्टरचा दिवा गेलेला. नागपूरहून येऊ दे, मग बघू, असं ठरलं.

मंगळवारी सकाळी तुझ्या शेजारणीचा फोन आला. मी डबा भरत होते. "दीदी उठ नहीं रही हैं," म्हणाली. मला वाटलं, झोपली असेल, हिला उशिरापर्यंत वाचायची खोडच आहे. मी म्हटलं, जरा जोरसे आवाज दीजिए. तिने दिला. मला फोनमधून ऐकू येत होतं, "वसुधा दीदी! दीदी!" मी पोळीभाजी तशीच धरून ऐकत राहिले, तू ओ देशील म्हणून. मग पलीकडून नुसतं रडणं आलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, काही कळलंही नसेल. सगळे मला हेच सांगतात, समजूत म्हणून. माझ्या कानातून मात्र ती हाक जात नाही, जिला ओ आली नाही.

अस्थी ग्वारीघाटावरच सोडल्या. त्याच पायऱ्या. तुझा भाऊ कलश घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरला. मी पदराचा बोळा तोंडात धरला. भोवती सगळे शांत उभे, आणि मी तिथे ओरडले असते, वसू, खरंच ओरडले असते. पक्षी बहुतेक परत गेले होते.

आता प्राचार्यांचं. सरांनी परवा मला बोलावलं. तुझा फोटो, हार, दोन मिनिटं मौन, सगळं करू म्हणाले. मग दार लोटून घेतलं. पूर्वाने त्यांना व्हिडिओत काय आहे ते सांगितलं होतं, आपल्या भांडणासकट, परवानगीसाठी सांगावंच लागतं. "मैडम, औरत पानी में गई और निकली ही नहीं. और अब तो वो रही भी नहीं. देखने वाले क्या समझेंगे? कोई कह देगा, डूबकर मरीं. कॉलेज का नाम आएगा." मी म्हटलं, सर, सगळ्या गावाला माहीत आहे काय झालं ते. ते म्हणाले, "तो निकलती हुई दिखा दीजिए. बस इतना ही. आप भी तो यही चाहती थीं."

खरं आहे ना? मलाही हेच हवं होतं. त्यांच्याकडे बघितलं तर मला पहिल्यांदा जाणवलं, की हा माणूसही घाबरलेला आहे, माझ्यासारखाच. मी "जी सर" म्हटलं. तोंडातून गेलंच ते. वीस वर्षांची सवय. जिना उतरताना मात्र लक्षात आलं. तू भांडायला नाहीस म्हणून मी हे भांडण जिंकणार होते. वसू, असलं जिंकणं कुणाला हवं असतं?

आज दुपारी शेवटी पूर्वा आली. दवाखान्यासमोर माझ्या स्कूटीशेजारी तिची लावली. तिने पेन ड्राइव्हवर दोन्ही आणले होते, तू कापलेला आणि दुसरा, ज्यात तू वर येतेस. "मैम, चलें?" म्हणाली. मी म्हटलं, थोडं थांब. मग आम्ही दोघी तिथेच उसाचा रस प्यायलो, कोणालाच नको असताना.

कुलूप माझ्या हाताने उघडेना. पूर्वाने उघडलं. आत तुझाच वास होता, चहा आणि तापलेल्या वायरींचा. खिडकीवर तुझा चष्म्याचा डबा. खुर्च्या तशाच भिंतीसमोर, जवळजवळ. तिने दिवा बसवला, पडदा ओढला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी दाराकडच्या खुर्चीत बसले. शेजारची रिकामी. मला ते बघवेना. मी म्हटलं, "पूर्वा, संस्थेकडून कोणी तरी बसायला पाहिजे." ती म्हणाली, "मैं कैसे, मैम? वो उनकी है." मी म्हटलं, बस. ती कडेकडेने बसली, चिमणीएवढी जागा घेऊन. अंधारात तिचा आवाज आला, "मॅडम, मला भीती वाटून राहिली."

मराठीत, वसू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तू ऐकायला हवं होतंस. मी म्हटलं, "मला पण वाटून राहिली. लाव."

आधी दुसरा लावला, सरांना हवा असलेला, मला हवा असलेला. तू आलीस, उतरलीस, पाणी मिटलं. माझी हाक आली, खरंच म्हशीसारखी, आणि मी खुर्चीचे हात धरले. आणि मग तू वर आलीस! केस तोंडावर, हसत, "काय गं, अख्खा घाट गोळा केलास!" मी मोठ्याने हसले, वसू. पूर्वाही हसली. क्षणभर सगळं ठीक होतं, तू आली होतीस, मी टॉवेल घेऊन धावतच होते.

आणि भिंत निळी झाली. व्हिडिओ संपला की प्रोजेक्टर देतो तो निळा रंग, सपाट, ज्यात काहीच नसतं. मी वाट बघत बसले. दुसरा फेरा नव्हताच त्याला. शेवट झाला होता. मी मागितलेला शेवट. खाली ते मशीन घूंऽऽ करत होतं आणि आम्हा दोघींचे हात निळे दिसत होते. त्या निळ्या भिंतीइतकी भीती मला पाण्याचीही वाटली नव्हती. पूर्वाने हळूच विचारलं, "मैम, बंद करूँ?"

"वसूचं लाव," म्हटलं.

पहिल्या फेऱ्याला मी हाकेच्या वेळी डोळे मिटले. सांगून ठेवते, मिटले. पाणी सपाट झालं, माझा आवाज फाटला, पक्ष्यांच्या पंखांचा फडफडाट झाला. आता निळं होणार, आता निळं होणार. डोळे उघडले तर घाट होता. रिकाम्या पायऱ्या, ऊन. आणि डावीकडून तू आलीस, कोरड्या साडीत, निऱ्या जरा उचलून.

दुसऱ्या फेऱ्याला मी डोळे उघडे ठेवले. आणि मग कळलं गं मला, तू काय केलं होतंस ते. इतके दिवस मी पाण्याकडे बघत बसले होते. मी हाक मारते आणि तू येतेस. पाण्यातून नाही येत, पायऱ्यांवरून येतेस, पण येतेस. प्रत्येक वेळी. हाक काढली असती तर तू नुसती पाण्यात जात राहिली असतीस. हे तुला तेव्हाच दिसत होतं की नाही, मला ठाऊक नाही. दिसत असेल तर टपरीवर सांगायचं होतंस. "दोन फेरे बघ" म्हणून मोकळी झालीस.

मी तिथूनच सरांना फोन लावला, कारण घरी गेले असते तर लावला नसता. म्हटलं, सर, व्हिडिओ वसुधाने केला तसाच लागेल. मग म्हणाले, "अब तक तो आप मान जाती थीं, मैडम." मी म्हटलं, "जी सर. डर के मारे मानती थी. डर तो अब भी लग रहा है." पूर्वा माझ्याकडे बघत होती. सर म्हणाले, सोचकर बताता हूँ. संध्याकाळ झाली, अजून काही सांगितलेलं नाही. फोन वाजला की मी दचकते. लायब्ररी मिळेल की नाही, माहीत नाही. नोकरीचं काय होईल, तेही माहीत नाही. नाही मिळाली तर रविवारी इथेच, दवाखान्याच्या वर, दाताच्या मशीनसकट.

भीती गेली असं समजू नकोस. आत्ता तुझ्या टेबलाशी बसून लिहिते आहे आणि दार उघडं ठेवलंय. पण आज मी किल्ली पर्समध्ये न ठेवता खिळ्याला अडकवली, तू अडकवायचीस त्याच. खिडकीकडची खुर्ची पूर्वाला कायमची दिली. ती म्हणाली हे बरोबर नाही, रडली, आणि मग बसली.

रविवारी लोक येतील. माझा आवाज ऐकून माना वळवतील, कोणी हसेलही. मी दाराशी उभी असेन, वायरींना चिकटपट्टी लावून. पाणी मिटेल आणि मी हाक मारीन, दिवसभर मारत राहीन, प्रोजेक्टर बंद होईपर्यंत. तेवढं येत जा, वसू.